मधल्या स्पीकरची तार

"शनिवारी दहाला बाई येतील. तोवर दोन्ही पेट्या बोलत्या करा, मगदूम. बाकी मला काही सांगू नका."

बापूसाहेब इंगवले हे म्हणाले तेव्हा मी त्यांच्या स्टुडिओच्या फरशीवर मांडी घालून बसलो होतो आणि डाव्या पेटीच्या पोटातून मधला स्पीकर बाहेर ओढत होतो. मंगळवारची दुपार होती. स्पीकर हातात आल्यावर मी आधी त्याचा वास घेतला. स्पीकरवाल्यांची ही खोडच असते, डोळ्यांआधी नाक. जळक्या वार्निशचा वास आला, म्हणजे आतली तारेची कॉइल गेली होती. मी तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "मी काय म्हणालो आत्ता?"

पेट्या छातीएवढ्या उंच होत्या, परदेशी, आमच्या दोघांच्या मिळून वजनापेक्षा जड. प्रत्येकीत तीन स्पीकर. खाली परातीएवढा मोठा, तो ढोलकीचा आणि खर्जाचा. वर रुपयाएवढा, तो टाळांचा आणि घुंगरांचा. मधोमध वाटीएवढा एक, त्याला आमच्या धंद्यात नुसतं मिड म्हणतात. माणसाचा आवाज बहुतेक सगळा याच्यातून येतो. खालचा बिघडला तर लोक म्हणतात गाण्यात दम नाही, वरचा बिघडला तर कुणाला कळतही नाही, पण मिड बिघडला की गाणारा माणूसच खोलीतून निघून जातो.

बापूसाहेबांचा स्टुडिओ कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका जुन्या गुळाच्या गोदामात होता. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकल्या होत्या, तरी उन्हाळ्यात गुळाचा वास यायचाच. मुंबईतला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांनी या पेट्या तिथून आणल्या, एक्क्याऐंशी साली. त्या वेळी एका पेटीतला मिड खरखरत होता आणि तो दुरुस्त करायला लक्ष्मीपुरीतून मीच आलो होतो. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि जगातले सगळे स्पीकर मला कळतात अशी माझी खात्री होती.

आता नव्व्याण्णव साल चाललं होतं, आणि बाई म्हणजे अंजिराबाई आवळे. कागलच्या बाजूला एका खेड्यात राहायच्या. हळदीची गाणी म्हणायच्या. तुम्ही त्या काळात कोल्हापूर, सांगली, बेळगाव या टापूत कुठंही हळदीला गेला असाल, तर मांडवाच्या बांबूला बांधलेल्या कर्ण्यातून त्यांचा आवाज तुमच्या कानात घुसलाच असणार. घुसला असंच म्हणायला पाहिजे. असा धारदार आवाज होता की म्हातारी माणसंसुद्धा उठून नाचायची. त्यांच्या सत्तावन्न कॅसेटी निघाल्या आणि एकूण एक बापूसाहेबांनी याच खोलीत रेकॉर्ड केल्या.

गंमत अशी की बाईंना स्वतःचा तो आवाज मुळीच आवडायचा नाही. कर्ण्यावर ऐकला की त्या मांडवातून उठून जायच्या. म्हणायच्या, कर्णे वाईट, टेप वाईट, बाजारातली सगळी यंत्रं वाईट, माझा आवाज तेवढा बापूच्या खोलीत खरा ऐकू येतो. इथं या दोन पेट्यांसमोर बसून ऐकताना तो भरदार, मऊ यायचा. त्यांच्या आईसारखा, असं त्या म्हणायच्या. आई त्यांच्या लहानपणीच गेली होती. जात्यावर म्हटलेल्या तिच्या सात ओव्या बाईंना पाठ होत्या आणि त्या त्यांनी उभ्या आयुष्यात कुठंच म्हटल्या नव्हत्या, ना मांडवात, ना कॅसेटवर.

त्या सात ओव्या त्यांनी आदल्या आठवड्यात रेकॉर्ड केल्या. त्याला कारण होतं. सोमवारी मिरजेला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि पुढं गाता येईल याची डॉक्टरांनी आशा दिली नव्हती. शनिवारी त्या शेवटचं ऐकणार होत्या. आईचा आवाज आला असं वाटलं तर टेप कॅसेटवाल्याकडे जाणार, नाही वाटलं तर तिथंच पुसून टाकायचा, असं त्यांनी बापूसाहेबांकडून वचन घेतलं होतं. पुन्हा म्हणायची सोयच नव्हती. आणि मंगळवारी नेमका डावा मिड जळाला.

तसाच मिड मिळणं म्हणजे कठीणच होतं. ती कंपनी बुडूनही दहा वर्षं झाली होती. मी दोन दिवस फोन फिरवले तेव्हा हुबळीच्या एका बंद थिएटरच्या ऑपरेटरकडे एक निघाला, न वापरलेला, कंपनीच्या खोक्यात. त्यानं तो एसटीच्या पार्सलनं पाठवला आणि गुरुवारी दुपारी माझ्या हातात पडला. खोकं उघडताना मला जो आनंद झाला तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे बायकोला माहीत आहे.

नवीन मिड बसवायचा म्हणजे एकच बसवून भागत नाही. दोन पेट्या एकसारख्या बोलायला हव्यात, नाहीतर गाणारा एका बाजूला सरकून बसल्यासारखा वाटतो. म्हणून उजवीकडचा जुना मिडही मी काढला. पडद्याच्या कडेचं कापड वाळून कडक झालं होतं. त्याला पातळ केलेल्या चिकट वार्निशचा हात दिला आणि कापड पुन्हा मऊ केलं. मग लोहचुंबकाच्या फटीत अठरा वर्षांचा बारीक कचरा साठला होता तो काढला. त्याची रीत अशी, की चिकटपट्टीची कडा फटीत घालायची, हळू फिरवायची आणि बाहेर काढून बघायची, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. माझ्या सोळा पट्ट्या गेल्या. चुंबकाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'भू. म. १४/८/८१'. भूपाल मगदूम. आम्ही दुरुस्त केलेल्या प्रत्येक मालावर अशी सही करतो. अठरा वर्षं चाललेलं आपलं काम बघून माझी छाती फुगली, ती फार वेळ फुगलेली राहिली नाही.

शुक्रवारी सकाळी नवा मिड पेटीत बसवताना खोक्याच्या तळातून एक पिवळट कागद निघाला. तारा कशा जोडायच्या याचा नकाशा होता. मी तो सहज बघितला, कारण लाल तार लाल खुणेला आणि काळी तार काळ्या खुणेला हे शेंबड्या पोरालाही कळतं. नकाशात मात्र खालच्या आणि वरच्या स्पीकरला तसं होतं आणि मधल्याला उलटं. काळी तार लाल खुणेला. मला वाटलं, छापताना चुकलं असेल.

पण एकदा किडा वळवळला की मला स्वस्थ बसवत नाही. मी टॉर्चचा सेल काढून मिडला लावून बघितला. सेलचं वरचं टोक लाल खुणेला टेकवलं की पडद्यानं पुढं उडी मारायला हवी, तशी त्यानं मारली. म्हणजे खुणा बरोबर होत्या. मग कंपनीनं मुद्दाम उलटी तार का जोडावी? मी पेटीच्या तळाची फळी उघडली. तिथं आवाजाच्या तीन वाटण्या करणारी पाटी असते. तिच्यावरची तारेची वेटोळी मोजली, कागदावर आकृती काढली, आणि बसल्या बसल्या उजेड पडला. त्या पाटीतून जाताना मधल्या स्पीकरचा आवाज उलटा होऊन निघत होता. म्हणून कंपनीनं तार उलटी जोडून तो परत सुलटा केला होता. नकाशा बरोबर होता.

मी दोन्ही पेट्या नकाशाप्रमाणं जोडल्या आणि बापूसाहेबांना न बोलावता ओव्यांचा टेप लावला.

तो आवाज असा आला की मी खुर्चीत मागं सरकलो. तोच हळदीचा आवाज. कर्ण्यातला, धारदार. जात्यावरची ओवी आणि ती अशी कानात घुसत होती. मी टेप थांबवला, तारा फिरवल्या, लाल लाल, काळी काळी, आणि पुन्हा लावला. आता तोच टेप मऊ, भरदार, बाईंच्या आईचा. पुन्हा तारा फिरवल्या, पुन्हा कर्णा. असं मी चार वेळा केलं, आणि चौथ्या वेळी मला चौदा ऑगस्ट एक्क्याऐंशी आठवला.

त्या दिवशी मी हीच पेटी उघडली होती. मिडची लाल खूण काळ्या तारेला जोडलेली बघून मी हसलो होतो. मुंबईवाल्यांना साधी तारसुद्धा जोडता येत नाही, असं मोठ्यानं म्हणालोही होतो. मग मोठ्या ऐटीत दोन्ही पेट्यांच्या तारा सुलट केल्या आणि पेन्सिलीनं सही ठोकली. बापूसाहेबांनी त्या पेट्या त्याआधी कधी ऐकल्याच नव्हत्या. त्यामुळं पेट्यांचा आवाज असाच असतो, असं त्यांच्या कानानं धरलं.

तारा चुकल्या म्हणून पेटी काही गप्प बसत नाही, की खरखरतही नाही. फक्त मधल्या आणि वरच्या स्पीकरचा जिथं सांधा असतो तिथं एक खड्डा पडतो. आवाजाची धार नेमकी त्या जागी असते. बापूसाहेबांना ती धार कमी ऐकू यायची, म्हणून त्यांनी मिक्सरवरचा एक नॉब फिरवून ती वाढवली. अंजिराबाईंसाठी तो कुठं ठेवायचा हे विसरू नये म्हणून बायकोच्या नेलपॉलिशनं तिथं लाल ठिपका दिलेला होता. टेपवरून कॅसेटवाल्यासाठी नक्कल निघायची तीही याच नॉबमधून. खोलीत खड्डा भरून निघायचा आणि आवाज मऊ लागायचा. खोलीबाहेरच्या कर्ण्यांत खड्डाच नव्हता, तिथं नुसती वाढवलेली धार जायची. सत्तावन्न कॅसेटी अशाच बाहेर गेल्या होत्या.

तरी खात्री करावी म्हणून मी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून त्याचा टू-इन-वन मागून आणला आणि त्यात बाईंची जुनी हळदीची कॅसेट घातली. नकाशाप्रमाणं जोडलेल्या पेट्यांतून तीच गाणी लावली. दोन्हीकडे एकच बाई गात होती. चहावाल्याचं डबडं अठरा वर्षं खरं बोलत होतं आणि आमच्या परदेशी पेट्या खोटं.

दुपारी बापूसाहेब आले. मी त्यांना बसवलं आणि म्हणालो, "या पेट्या अठरा वर्षं चुकीच्या जोडलेल्या होत्या."

"कुणी जोडल्या?"

"मी."

मी त्यांना दोन्ही जोडण्या ऐकवल्या, टू-इन-वनही ऐकवला. ऐकताना त्यांची मान हळूहळू खाली गेली. मला वाटलं आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होणार आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्यांना राग आलाच नाही, तेच मला जड गेलं. हा माणूस अख्ख्या जिल्ह्यात कानासाठी प्रसिद्ध होता. तंबोऱ्याची एक तार केसभर उतरली तरी तो काचेपलीकडून हात वर करायचा. लहान टेपवर ऐकून बघा म्हणून कुणी सुचवलं तर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, ज्याला खरं ऐकायचंय त्यानं माझ्या खोलीत यावं म्हणायचा.

"मग मी इतकी वर्षं काय ऐकत होतो, मगदूम?" त्यांनी विचारलं.

मग ते म्हणाले, तारा परत होत्या तशा करा. मी कारण विचारलं तर त्यांनी बाईंचं नाव घेतलं. बाई सोमवारी ऑपरेशनला जाणार, पुन्हा गाणार नाहीत. त्यांना एकदा आईचा आवाज ऐकू दे आणि समाधानानं जाऊ दे. मग कॅसेट बाहेर कशी वाजते त्याचं खापर त्या नेहमीसारखं कर्ण्यांवर फोडतील. मी म्हणालो, तुम्ही तो नॉब खाली आणा, टेप दुरुस्त होईल. त्यावर ते पहिल्यांदा चिडले. नॉब खाली आणला की आवाज बदलणार, बाई कारण विचारणार, मग आधीच्या सत्तावन्न कॅसेटींबद्दलही सांगावं लागेल, आणि ज्या आवाजावर त्या नावारूपाला आल्या तो तुमच्या चुकीतून आला, हे तुम्ही सांगणार का, असं त्यांनी विचारलं. माझ्याच्यानं सांगवणार नव्हतं. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. मी तारा पुन्हा लाल लाल, काळी काळी केल्या आणि घरी गेलो.

शनिवारी दहाच्या आतच अंजिराबाई आल्या. सासष्ट वर्षांची, ठेंगणी, हिरव्या काठाचं लुगडं नेसलेली बाई. गळ्यापाशी कापडाची पट्टी बांधलेली होती आणि बोलताना त्या दर वाक्याला श्वास घ्यायच्या. मला बघून म्हणाल्या, "पेटीचं पोट फाडलासा म्हनं. शिवलंय न्हवं नीट?" मी मान डोलावली आणि भिंतीकडे बघितलं.

त्या दोन पेट्यांच्या बरोबर समोर बसल्या, डोळे मिटले आणि पदराचं टोक मुठीत धरलं. बापूसाहेबांनी टेप लावला. मऊ, भरदार आवाज खोलीभर पसरला. पहिली ओवी संपली, दुसरी संपली, आणि बाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चौथ्या ओवीला त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं.

"आली," त्या म्हणाल्या. "आई आली माजी. पुसू नका, बापू. जाऊ द्या बाजारात."

बापूसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला असणार. झालं होतं सगळं. मी पान्हे आणि कातर पिशवीत भरायला घेतली. बाई उठल्या, चपला घालायला वाकल्या आणि वाकल्या वाकल्याच सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "ही हळदीची गानी न्हवं. ही बाया घरात बसून ऐकतील. माजी लेक ऐकंल. त्यास्नी बी अशीच ऐकू येईल न्हवं माजी आई?"

बापूसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात दटावणी नव्हती, आर्जव होतं. मला अजून वाटतं की त्यांनी बघितलं नसतं, तर मी हो म्हणून मोकळा झालो असतो.

"नाही," मी म्हणालो.

बाई सरळ झाल्या. बापूसाहेब खुर्चीत बसले.

मग मला सगळं सांगावं लागलं. चौदा ऑगस्टपासून सुरुवात केली, पण वेटोळी आणि वाटण्या सांगायला लागलो तसे बाईंचे डोळे कोरे झाले. मी थांबलो आणि दुसरीकडून गेलो. म्हणालो, "बाई, दोघी समोरासमोर जात्याला बसल्यात. खुंटा एकच, दोघींनी धरलाय. आणि एकीनं उलटं ओढलं तर?"

"जातं अडंल की."

"या पेटीत तसं झालंय. मधला आणि वरचा एकमेकांविरुद्ध ओढत होते. जिथं अडत होतं तिथं तुमच्या आवाजाची धार होती. ती आम्हाला इथं ऐकूच येत नव्हती. म्हणून बापूसाहेब ती वाढवत राहिले. बाहेर जातं अडत नव्हतं, तिथं धार वाढलेलीच ऐकू जायची."

त्यांना लगेच समजलं. मला वाटलं होतं त्याच्या फार आधी समजलं.

"मंजे कर्णं वाईट न्हवतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं."

"दाखवा."

तारा फिरवायला मला अर्धा तास लागला. तेवढा वेळ बाईंचा श्वास ऐकू येत होता. मग टेप लावला आणि तो आवाज आला. बाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि लगेच काढले. पहिली ओवी संपेपर्यंत त्या ताठ बसून राहिल्या, अंगावर पाणी ओतलं जात असताना माणूस बसतो तशा.

"ह्यावर नाचली व्हय सगळी," त्या म्हणाल्या. "आनि मी उठून जायची. लोकास्नी वाटायचं बाईला लई गर्व हाय."

मग त्या बापूसाहेबांकडे वळल्या. आता ते काय करतात याची मला खरंच कल्पना नव्हती. ते उठले, मिक्सरपाशी गेले आणि लाल ठिपक्यावरच्या नॉबला बोट लावून उभे राहिले. मान वर न करता म्हणाले, "बाई, तुम्हाला बाजारानं डोक्यावर घेतलं ते माझ्या कानामुळं नव्हे. चुकीमुळं घेतलं. माझं काहीच नव्हतं त्यात."

"गात कोन हुतं, बापू?" अंजिराबाई म्हणाल्या. "मीच हुते न्हवं? फिरवा त्यो."

त्यांनी नॉब मध्यावर आणला. मग नखानं लाल ठिपका खरवडायला लागले आणि तो निघेपर्यंत खरवडत राहिले. मी टेप मागं घेतला आणि तिसऱ्यांदा लावला.

हा आवाज आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता. तो खोलीतला मऊ नव्हता आणि मांडवातला धारदारही नव्हता. साधा होता. शब्द सुरू व्हायच्या आधी घेतलेला श्वास त्यात ऐकू येत होता, ओळ संपताना सूर किंचित खाली बसायचा तो ऐकू येत होता, मधेच एके ठिकाणी घसा चिकटून सुटला तेही. सासष्ट वर्षांची आजारी बाई गात होती, आणि पहिल्यांदाच ती खोलीत बसल्यासारखी वाटली. कारागीर म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. यात बाईंची आई कुठंच नव्हती, आणि बापूसाहेबांनी पुसायचं वचन दिलेलं होतं.

बाईंनी हात वर केला नाही. सातही ओव्या ऐकल्या. टेप संपून रीळ नुसतंच फिरायला लागलं तरी त्या तशाच बसून राहिल्या.

"पुसू?" बापूसाहेबांनी अगदी हळू विचारलं.

"ही कोन बाई?"

"तुम्हीच, बाई."

"व्हय," त्या म्हणाल्या. "दमलीया." मग बराच वेळ श्वास घेत राहिल्या. "आई पाटंचं जात्याला बसायची. मी तिच्या मांडीवर डोस्कं ठिवून झोपायची. मला वाटायचं, आई गातीया, किती ग्वाड गातीया. ती गात न्हवती, बापू. दम लागायचा तिला. दम लागायचा म्हनून सूर वढून धरायची. मला कदी कळलंच न्हाई. झोप यायची मला."

बापूसाहेबांनी चष्मा काढला. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"मगाचची आई मला हवी तशी हुती," अंजिराबाई म्हणाल्या. "ही खरी हाय. हीच ऱ्हाऊ द्या."

त्यांनी परत लावा म्हणून सांगितलं. या वेळी त्या खुर्चीत बसल्या नाहीत. उजव्या पेटीला पाठ लावून खाली फरशीवर बसल्या, पाय पसरले आणि डोकं पेटीच्या लाकडाला टेकवलं. बापूसाहेबांनी टेप मागं घेतला आणि पहिल्या ओवीपासून लावला.